घरात माणसं : एक

१२ नोव्हेंबर २००७

आले बाई एकदाची! सांगलीची रातराणी, मग विरार, मग आगाशीची बस आणि शेवटी नंदाखालपर्यंत रिक्षा. अंगाचं पार भरीत झालंय. रिक्षावाल्याला पत्ता वाचून दाखवायला लागले तर त्यानं ऐकूनच घेतलं नाही. क्लेमेंटीनकडे का, एवढंच म्हणाला आणि थेट दारात आणून सोडलं.

खोली झकास आहे. क्लेमेंटीन मावशीच्या घराचा वरचा मजला, बाहेरून वेगळा जिना, जिन्यावर चिंचेची सावली आणि मागच्या खिडकीखाली नुसत्या केळीच केळी. मावशी साठीची. नवरा गेला, दोन्ही मुलगे मस्कतला. आल्या आल्या तंबी मिळाली की आंटीबिंटी म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. दुसरी तंबी पाण्याची. मोटर म्हातारी झालीय, पानी जपून वापर बाय, म्हणाली. शेजारणीशी ती तिच्या घरच्या बोलीत बोलते तेव्हा मला निम्मं कळत नाही, पण माझ्यावरच बोलतायत एवढं कळतं.

रात्री माशाचं कालवण पाठवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा काटे काढत जेवले. आईला सांगितलं तर चक्कर येऊन पडेल.

१५ नोव्हेंबर

कामाचं ठिकाण म्हणजे आगाशीत दिनानाथकाकांच्या बंगल्याची पुढची पडवी. काका बागायतदार, पण कॉम्प्युटरचं वेड विशीतल्या पोरासारखं. इकडे समाजासमाजाची परिचय पुस्तिका छापायची पद्धत आहे. कोणाचं घर कुठे, घरात कोण कोण, लेक कुठे दिलीय, सगळं त्यात असतं. काकांनी एक पाऊल पुढे टाकलं. स्कूटरवर पाच गावं पालथी घातली, हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरं फिरले आणि त्या सगळ्याची वेबसाइट केली. प्रत्येक घराला एक पान. कॅनडातली माणसं आपल्या गल्लीचा फोटो बघून रडतात म्हणे. हे सांगताना काकांचेच डोळे भरून आले.

इथे घरांना नंबर नाहीत. म्हणून काकांनी प्रत्येक पानावर स्वतःच्या भाषेत वाट लिहिलीय. ‘फणसाच्या मागचं घर, विहिरीला लागून, मागची वाट केळीतून.’ आणि खाली न चुकता, ‘घरात माणसं : चार’. किंवा सात. किंवा एक.

मला आणलंय ते वेगळ्याच कामाला. इंटरनेटवर लोक काय टाइप करतात, त्यावर आपलं कुठलं पान दिसतं, यादीत कितव्या जागी दिसतं आणि त्यावर कोणी क्लिक केलं का, याचा रोज एक रिपोर्ट येतो. येतो दोन दिवस उशिरा. म्हणजे आज बघायचा तो परवाचा. काकांनी सहा महिन्यांच्या शीट्स नुसत्या साठवून ठेवल्यात. पसारा म्हणजे पसारा! हे सगळं मी डेटाबेसमध्ये भरायचं, म्हणजे जाहिरातवाल्यांना आकडे दाखवता येतील. हे माझ्या आवडीचं काम आहे. मला पसारा दिला की मी खूश असते.

२५ नोव्हेंबर

काकांनी आज मला केळीच्या घडाशेजारी उभं करून फोटो काढला. तुझ्या घरात सध्या किती माणसं, असंही विचारलं. मी म्हटलं, मी आणि पाल. ते हसले. काहीतरी गंमत आहे, संक्रांतीला कळेल म्हणाले. सरप्राइज द्यायची भारी हौस या माणसाला.

२९ नोव्हेंबर

तीन टेबलं तयार! एकात सगळी पानं : कोणाचं घर, कुठलं गाव, माणसं किती. दुसऱ्यात लोकांनी टाइप केलेले शब्द. तिसऱ्यात रोजचे आकडे. आता प्रश्न विचारला की तिन्ही एकमेकांना जोडून उत्तर देतात. आकड्याला पानांच्या टेबलात जोडीदार सापडला नाही तर तो आपोआप गळून जातो. सटरफटर कचरा बरा गेला. साइटसुद्धा आता माझ्याच टेबलातून पानं उचलते. काकांनी खूश होऊन एक अख्खा घड घरी पाठवला. एवढी केळी मी एकटी कशी खाणार?

आगाशीत दुपारी लाइट जाते आणि नंदाखालला कधी सकाळी, कधी दुपारी. म्हणून काकांनी एक जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत बसवून दिला. इकडे गेली की तिकडे काम करायचं.

४ डिसेंबर

वाईट झालं. मार्गारेट टीचर गेल्या. मावशीच्या पलीकडच्या आळीत राहायच्या, एकट्याच. परवाच मला हटकून, मराठीत सही करतेस ना, म्हणून विचारलं होतं. आज सकाळी मागच्या अंगणात सापडल्या. कोयत्यानं मारलंय. मावशी बघून आली आणि पायरीवर बसूनच राहिली. मान कशी लोंबत होती ते दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगता सांगता उलटी केली. गळ्यातली चेन गळ्यातच. मग चोर कसला?

रिक्षावाला सांगत होता, आज पहाटे कोणीतरी अनोळखी माणूस पत्ता विचारत होता. फणसाच्या मागचं घर, विहिरीला लागून, असं. इथे तसं कोणी म्हणत नाही. टीचरचं घर म्हणतात.

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हा डोक्यात काही पेटलंच नाही.

१३ डिसेंबर

सहा महिन्यांच्या शीट्स भरून झाल्या. गंमत म्हणून विचारलं की रोज न चुकता येणारे शब्द कोणते. लग्नाचे हॉल, केळ्यांचा भाव, डॉक्टर, अमुक यांचा फोन. आणि मधेच एक, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी :

एकटी बाई नंदाखाल आगाशी

नोव्हेंबरच्या शेवटापासून रोज. फार नाही, दिवसाला एकदा. एका शीटमध्ये शेकडो ओळींत ते कोणाला दिसणार? टेबलं जोडल्यावर दिसलं. आमचीच पानं येतात त्याखाली, जिथे जिथे ‘माणसं : एक’ आहे ती. पहिल्या जागी आगाशीच्या प्रमोदिनीबाई. दुसऱ्या जागी आमची मावशी.

काकांना दाखवलं. ते म्हणाले, जमिनीचे दलाल असतील, मेले एकट्यादुकट्या बायांच्या वाड्यांवर डोळा ठेवून असतात. मलाही पटलं. इकडे इमारती कशा सरकत चालल्यात ते दिसतंच आहे.

१९ डिसेंबर

लिहिता येत नाहीये. तरी लिहिते.

प्रमोदिनीबाईंच्या पानावरचा फोन नंबर चुकीचा होता. काकांनी विचारून यायला पाठवलं. सकाळचे दहा, ऊन लख्ख, रेडिओ चालू. हाक मारली, ओ नाही. मागे गेले. गुलछडीचे वाफे आहेत तिथे, फुलं तोडून टोपली भरलेली होती. त्या वाफ्यात पडल्या होत्या. त्यांनी हात आडवे धरले असणार. बोटं वेगळी पडली होती. तीन. एकात जोडवं, म्हणजे ते पायाचं — पायावरही घाव होते. चेहऱ्यावर उभा घाव, एक डोळा उघडा. माशा फुलांवर नव्हत्या.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. लोक जमले म्हणजे ओरडले असेन.

घरी येऊन तीनदा अंघोळ केली. मावशी मोटरचं काही बोलली नाही. मला मांडीवर घेऊन बसली आणि काहीतरी पुटपुटत क्रूस काढत राहिली.

२० डिसेंबर

झोप नाही. मग उठून टेबलाला विचारलं.

मार्गारेट टीचरचं पान : जागा १, क्लिक १, तारीख २ डिसेंबर. टीचर गेल्या चारला.

प्रमोदिनीबाईंचं पान : जागा १, क्लिक १, तारीख १७. गेल्या एकोणीसला.

दलाल नाहीये तो. तो रोज शोधतो, यादी बघतो, पहिल्या पानावर क्लिक करतो, काकांनी प्रेमानं लिहिलेली वाट वाचतो, आणि तिसऱ्या दिवशी येतो. टीचर गेल्यावर काकांनी त्यांचं पान ‘आठवणीत’ या भागात हलवलं. म्हणून प्रमोदिनीबाई वर सरकल्या. आता काका त्यांचंही पान हलवतील.

आणि मग पहिली मावशी.

पोलिसांकडे गेले, छापील कागद घेऊन. साहेबांनी नीट ऐकलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी विचारलं, हे टाइप कोणी केलं? मी म्हटलं ते यात कळत नाही, काय टाइप केलं आणि किती वेळा एवढंच कळतं. मग याचा उपयोग काय, म्हणाले.

कागद गुंडाळून घरी आले.

२२ डिसेंबर

काकांशी कडाक्याचं भांडण. साइट बंद करा म्हटलं. माझ्या पुण्यकामावर पाप थापू नकोस, म्हणाले. लाल झाले, काकू गोळी घेऊन धावत आल्या.

दुपारी ते झोपल्यावर मी केलं. ‘घरात माणसं : एक’ अशी जेवढी पानं टेबलात होती तेवढी काढून टाकली. सगळी! मावशीचंसुद्धा. काढायच्या आधी नक्कल ठेवली, ती कामाची सवय. लोकांना शोधल्यावर दिसते त्या यादीतून पान जायला आठवडा तरी लागतो. तोवर मी मावशीला एकटी सोडत नाही. खाली तिच्याच खोलीत झोपते. भुताची भीती वाटते म्हणून सांगितलंय. ती हसली. भूत नाय बाय, मानसंच असतात, म्हणाली.

२५ डिसेंबर

नाताळ. मावशीनं येशूजन्माची गव्हाण मांडलीय. प्रत्येक येणाऱ्याच्या हाताकडे बघते मी. काय आणलंय हातात? केक. पुन्हा केक. जीव जाईल माझा अशानं.

३१ डिसेंबर

जातायत! एकेक पान यादीतून जातंय. मावशीचं आजच्या रिपोर्टमध्ये नाही. त्या शब्दांपुढे माझ्या टेबलात एकही ओळ उरली नाही. कोरं!

मी मावशीला उचलून गोल फिरवलं. ती ओरडली, कंबर मोडशील. आज वर माझ्या खोलीत झोपणार, पंख्याखाली, सुखानं.

८ जानेवारी २००८

एक खटकतंय.

मूळ शीटमध्ये ते शब्द अजून येतात. रोज एकदा. आपलं काहीतरी दाखवलं जातंय म्हणूनच येतात ना? माझ्या टेबलात मात्र काही नाही. बेरीज जुळत नाही.

जुळायला पाहिजे.

८ जानेवारी, संध्याकाळी

अगं बाई. अगं बाई, काय करून बसले.

जोडीदार नसला की गळतो. मीच ठरवलं होतं. कचरा म्हटलं होतं. आज जोडी असो नसो सगळं दाखव असं विचारलं.

एक पान निघालं. टेबलात नसलेलं, काकांनी जुन्या पद्धतीनं हातानं बनवून वेगळं ठेवलेलं. केळीच्या घडाशेजारी मी. दात काढून हसतेय. ‘आमची नवी पाहुणी क्षितिजा. क्लेमेंटीनच्या चिंचेखालचं, बाहेरच्या जिन्याचं वरचं घर. घरात माणसं : एक.’

संक्रांतीची गंमत.

डिसेंबरभर ते तिथे होतं. जागा ६. ५. ५. ४. मी वरची पानं काढत गेले आणि ते चढत गेलं. ३. २. परवा : १.

क्लिक : ०. अजून शून्य. देवा, अजून शून्य आहे.

९ जानेवारी

माझं पान काढलं. पण यादीतून जायला आठवडा. आठवडा कुठून आणू?

अकरा तारखेच्या रात्रीची सांगलीची गाडी मिळाली. त्याआधीची नाही. काकांना फोन केला, ते दवाखान्यात आहेत. पोलिसांनी गस्त वाढवू म्हटलं.

मधले हे दोन दिवस —

यादीत माझ्या वर कोणी असलं तर.

नक्कल आहे.

९ जानेवारी, रात्री

केलं. सगळी पानं परत भरली. मावशीचं सगळ्यात आधी. तिचं वर जायला हवं होतं मला. कोणाला सांगू हे? हात धुतले. परत धुतले.

मी उद्या तिला सांगेन. मुलाकडे जा म्हणेन. सांगेन.

१० जानेवारी

सांगितलं नाही.

तिनं आईसाठी सुकेळी बांधून दिली. स्वतः उन्हात वाळवलेली केळी, वाळक्या सोपटात गुंडाळून, वर दोरा. आईला सांग, माझ्या हातची हायत. पुडी घेताना तिच्याकडे बघवेना. तिनं गालाला हात लावला, म्हणाली घरची आठवण येते ना तुला.

लाज वाटते मला. इतकी कधी वाटली नव्हती. मी भित्री आहे, हलकट आहे. उद्या सकाळी पहिलं तिला सांगायचं.

११ जानेवारी, दुपार

सकाळी ती चर्चमध्ये मिस्साला आणि तिथून बाजारात. आत्ता आली असेल.

नऊ तारखेचा रिपोर्ट आला.

माझं पान. जागा १. क्लिक १.

नऊला. बहुतेक मी रात्री भरलं त्याच्या आधीच. तसंही आठवडा लागतोच, मला माहीत होतं, मला माहीत होतं तरी — मावशीला वर घातलं ते माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. आणि ती मात्र आता चढत जाणार. परत काढायला हवं. परत

लाइट गेली.

टीचर, दोन आणि चार. प्रमोदिनीबाई, सतरा आणि एकोणीस. मी नऊ.

आज अकरा.

बॅग तयार आहे. मावशीला घेऊनच जाते. खाली जाऊन तिला हाताला धरून —

फाटक वाजलं.

ती कोणाशी तरी बोलतेय. वर हाक मारली मला. कोन तरी आलंय गं तुझ्याकडे. कॉम्प्युटरवर फोटो बघून आलाय. चिंचेखालचं, बाहेरच्या जिन्याचं वरचं घर, असं विचारतोय म्हणे. हसतेय ती. असं कोन बोलतं का, म्हणून हसतेय.

मी ओ दिली नाही. खिडकीच्या फटीतून बघते. साधा माणूस. इस्त्रीचा शर्ट. हातात गोणपाटात गुंडाळलेलं लांब काहीतरी.

मावशी त्याला बस म्हणाली. पानी आनते म्हणाली. आत वळली.

तो बसला नाही. वर बघितलं. मग तिच्या दाराकडे. आत डोकावला, कोणी आहे का बघितलं. विचारतोय, घरात तुम्ही एकट्याच का.

हो म्हणाली. हो म्हणाली ती.

तो गोणपाट सोडतोय. आत गेला तिच्या मागे —

जिना मोकळा आहे. फाटक उघडं. मी पळाले तर रस्त्यापर्यंत

एकदा तिला पुढे केलं मी. आता नाही. मावशी, मागच्या दारानं केळीत पळ — मी ओरडते, त्याला वर बोलवते, मी इथे आहे, तू मलाच शोधत